आठ दिवसांची किल्ली

भरमाणी, ही परसाच्या दाराची किल्ली.
कडी जरा उचलून ओढ, नाहीतर अडकते.
सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन,
मग आठ दिवस वाकायचं नाही, धूळ नको, माती तर नकोच,
असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
आता माझ्याकडं मातीशिवाय दुसरं काय आहे सांग.

चिकूच्या बुडात पाणी ओतू नको.
दुपारी बाराला सावली जिथं संपते
तिथं झाडाचं तोंड असतं. तिथं पाज.
पाला तसाच असू दे, खोडापासून वीतभर लांब.
तुझी अव्वा सकाळी झाडू घेऊन येईल, घाण घाण म्हणत.
तिला चहा दे, झाडू काढून घे.

ड्रममधलं शेणगूळ दोन वेळ काठीनं ढवळायचं,
एकाच दिशेनं.
का, ते मलाही माहीत नाही.
वास आला तर घाबरू नको. वास थांबला तर फोन कर.

खताच्या खड्ड्याचं मात्र नीट ऐक.
मूठभर घ्यायचं, दाबायचं, मूठ उघडायची.
गोळा राहिला पाहिजे, हात ओला व्हायला नको,
टिचकी मारली की मोडला पाहिजे.
उद्यमबागेत, फौंड्रीत, एकतीस वर्षं
साच्याची वाळू अशीच बघितली मी.
वाळू जास्त ओली झाली की ओतताना लोखंड उडतं.
डावा डोळा अर्धा तिथंच गेला.
खत उडत नाही. नुसतं आंबतं.
इथं चुकायला परवडतं.

आता पेरू.
पानामागं कापसासारखं काही दिसलं
तर तो पिठ्या ढेकूण.
तुझी अव्वा म्हणाली, नाही, ही हिट्टतिगणी.
म्हणजे काय हो?
तर हिट्ट म्हणजे पीठ, तिगणी म्हणजे ढेकूण.
कुंपणाच्या दोन बाजूंना आम्ही हसत राहिलो,
माझं कन्नड निम्मं, तिचं मराठी पाऊण.
तिकडं चौकात त्या दिवशी पाटीवरून भांडण चाललं होतं.

मुंग्या त्याला उचलून वर नेतात, त्याच्या गोडासाठी.
म्हणून खोडाला फडक्यावर ग्रीसची पट्टी आहे,
सुकली तर नवीन लाव. डबा खिडकीत.
लिंबोळ्या कुटून भिजत घातल्यात, रिठ्याचं पाणी बाटलीत.
ऊन उतरलं की मार, पानाच्या खालून.
वरून मारलं की माणसाला बरं वाटतं, झाडाला नाही.

पडलेला पेरू पडून राहू देऊ नको.
आतली अळी मातीत उतरते
आणि माशी होऊन आपल्याच घरी परत येते.
बादलीत बुडवून ठेव, वर झाकण, तीन दिवस.
शेंड्यावरचे मात्र पोपटांचे.
एका वर्षी मी दुकानातलं औषध मारलं होतं,
निळ्या झाकणाचं.
पेरू आले चकचकीत, एक डाग नाही.
पोपट फिरकले नाहीत. माती उकरली तर गांडूळ नाही.
टोपलीभर घरात आणले,
आणि एकही तोंडात घालावासा वाटला नाही बघ.
बाटली तेव्हाच पुरली. कुठं, ते सांगणार नाही,
तिथं काही लावायचं नाही एवढं लक्षात ठेव.

लिंबाचं काही करू नको. ते आपलं आपण बघतं.

एक राहिलं.
दोन वर्षं झाली, मला पानामागचं दिसत नाही.
नुसतं बोट फिरवतो,
चिकट लागलं की तिथं फवारतो.
तुझ्या अव्वाला हे बोललो नाही.
पट्टी सुटली की सगळं एकदम लख्ख दिसतं म्हणतात.
झाड माझ्या बोटांना वाटतं
त्याहून खराब असेल कदाचित.
मग मी तुला विचारीन,
हे आधीपासूनच होतं काय रे?
तू हौदु म्हण.
किंवा काही म्हणू नको,
बादली घेऊन ये.