फ्रिज तीन पावलांवर

रमजानात आला, डोळ्यात किरच गेली म्हणून.
विलास गोडघासे, वेल्डर, मूळ उमरखेडचा.
मी डोळा धुतला.
मे महिन्यात पाठ. मलम दिलं.
मग नुसताच सहीसाठी,
तासभर बाकावर,
मोबाइलवर लेकीचं बाळसं दाखवत.

सोहारच्या त्या खोलीत फ्रिज तीन पावलांवर.
आत धनुर्वाताच्या कुप्या,
दारावर तापमानाचा तक्ता, रोज दोनदा,
माझंच अक्षर, बिनचूक.
विचारलं नाही.
तो डोळ्यासाठी आला होता ना.

चौथ्यांदा आला तेव्हा
गंजका खिळा बुटासकट तळव्यात.
"शेवटची सुई कधी घेतली होती?"
"शाळेत, सिस्टर. रांगेत. पळालो होतो."

दोन्ही दंडांत टोचलं, मोठ्या इस्पितळात धाडलं,
आणि तीन आठवडे रोज रात्री फोन:
जबडा उघडतो ना नीट?
तो हसायचा.
ते हसू ऐकायलाच तर फोन होता.

काल पाण्याचे कॅन ठेवून मोफिजुल निघाला.
म्हटलं, थांब.
म्हणाला, मी पेशंट नाही.
म्हटलं, ठाऊक आहे.
बाही वर कर.