अर्धा सेकंद आधी

जानेवारीपासून दर गुरुवारी, साडेसहाला,
भांडारकर रस्त्याच्या आतल्या गल्लीत
एका संस्थेच्या तळघरात
जुने फ्रेंच सिनेमे दाखवतात. प्रवेश विनामूल्य.
दारावर पाटी: चित्रपट चालू असताना चर्चा करू नये.
चर्चा नंतर आहे.

माझं फ्रेंच मार्कांपुरतं.
आठवीत वर्गाचे दोन भाग झाले,
पाठांतरवाले संस्कृतला गेले,
उरलेले आम्ही फ्रेंचला, पैकीच्या पैकी पडतात म्हणून.
पडलेही. सत्त्याण्णव.
आणि दहावीनंतरच्या सुट्टीत
सगळी भाषा घामासारखी अंगावर वाळून गेली.
राहिली 'असणे'ची सहा रूपं
आणि 'खिडकी उघडू का, बाई?'

त्या बाई तिसऱ्या रांगेत असतात, भिंतीकडच्या खुर्चीवर.
निगुडकर बाई.
एकतीस वर्षं ज्या देशाची भाषा शिकवली
तिथे त्या कधी गेल्या नाहीत.
पासपोर्ट काढला होता, असं एकदा वर्गात म्हणाल्या
आणि लगेच फळ्याकडे वळल्या.

मी बरोबर त्यांच्या मागे.
त्यांच्या डोक्यामुळे पडद्याचा डावा कोपरा झाकतो,
म्हणजे इंग्रजी ओळीचे पहिले दोन शब्द.
चालतं मला. मी त्यांचे खांदे वाचतो.
कारण बाई ओळ उमटायच्या आधी हसतात.
अर्धा सेकंद.
पडद्यावर पाववाला तोंड उघडतो,
बाईंचे खांदे हलतात,
मग खाली ओळ येते,
मग आम्ही साठ माणसं हसतो,
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखी.
तेवढा अर्धा सेकंद
बाई तिकडे असतात. एकट्या.
पासपोर्टाशिवाय.

मार्चमधल्या दुसऱ्या गुरुवारी
कृष्णधवल सिनेमा होता, धुकं, कालवा,
आणि होडीवाल्याला फाडून खाणारी एक विधवा.
फार तिखट बाई.
आम्ही हसलो. निगुडकर बाईही हसल्या.
आमच्याबरोबर.

पुढच्या वेळी मी पडदा सोडून खांद्यांकडे पाहिलं.
विधवा बोलली. खांदे तसेच.
ओळ आली, कॉलेजातल्या पोरी खिदळल्या,
बाईंनी चष्मा वर सारला,
ओठ हलवत वाचलं,
आणि मग हसल्या.
पांढऱ्या केसांतून कानाकडे उतरणारी
बारीक पारदर्शक नळी
मला इतके गुरुवार दिसली कशी नाही?

दिवे लागले. खांबेटे यांनी चहाचं सांगितलं.
'प्रश्न नाही, निवेदन आहे' म्हणून उभे राहिलेले गृहस्थ
अकरा मिनिटं बोलले.
एरवी बाई अशा वेळी पर्स आवरतात.
आज त्या एकटक बघत होत्या
त्यांच्या ओठांकडे.

बाहेर समोरच्या इमारतीच्या टाकीला
चंद्र टेकला होता.
काय बोलावं सुचेना. कशी आहे तब्येत, ऐकू येतं का,
असलं काही मराठीत तोंडून निघेना.
म्हणून हेल्मेट काखेत धरून,
वॉचमन वळून बघेल एवढ्या मोठ्याने,
तेवीस वर्षांनी फ्रेंचमध्ये म्हणालो,
चंद्र, बाई, आज किती

'स्त्रीलिंगी,' बाई म्हणाल्या.
'चंद्र तिकडे बाई आहे, देवस्थळी.
सुंदर नाही म्हणायचं तिला. सुंदरचं स्त्रीलिंग म्हणायचं.
नववीतही हीच चूक होती तुझी.'

सुंदरपर्यंत
मी अजून पोचलोही नव्हतो.

मग त्यांनी रिक्षाला हात केला.
रिक्षावाला काहीतरी म्हणाला.
'काय?' बाई म्हणाल्या.
तो परत म्हणाला.