अकरा सेकंद

माझे सबस्क्रायबर दोनशे चौदा.
त्यातले एकतीस मामाच्या कारखान्यातले,
सहा तर मीच, वेगवेगळ्या फोनवरून.
अशोक चौकात लाइट गेली की माग थांबतात,
तेवढ्यात माझं शूटिंग.

आधी सगळे करतात तेच केलं.
सर, प्लीज सपोर्ट. सर, एकदा नुसतं नाव घ्या.
सतरा मोठ्या चॅनेलवाल्यांना, रात्री एकला,
जोडलेल्या हातांच्या चित्रासकट.
एकाचं उत्तर आलं: अंगठा.
आई सुपातली तंबाखू सारखी करत म्हणाली,
"ताट घेऊन दारात उभं राहिलं की वाढतात गं,
पंगतीला बसवत नाहीत."

मग त्या चार लाखवाल्यानं सोलापुरी चादरीवर व्हिडिओ केला.
ड्रोन थेट सिद्धेश्वर तळ्यावरून. झकास.
पण जकार्डच्या पुठ्ठ्यांना म्हणाला,
"ही जुनी हिशेबाची कार्डं."
मामा काही बोलला नाही.
उठून पाणी प्यायला, तांब्या जरा जोरात ठेवला.

रागानं लिहिणारच होते.
त्याऐवजी मामाला स्टुलावर बसवलं,
पुठ्ठ्याला भोक पाडायला लावलं.
ठक्.
भोक असेल तर दोरा वर, नसेल तर खाली,
आणि असे दीड हजार पुठ्ठे म्हणजे एक मोर.
अकरा सेकंद. पाठवून दिले.
सोबत एवढंच: हे वापरा. माझं नाव नाही घेतलं तरी चालेल,
पण हिशेबाची कार्डं म्हणू नका.

गड्ड्याची जत्रा भरली, पाळणे उतरले,
काही नाही.
मग एका दुपारी त्याचाच फोन,
"तो मोर अजून विणतात का?"

नव्या व्हिडिओत मामाचं काळं नख
आणि मी, लावण्या दुडम,
त्याच्या तोंडी लावण्या दूधम.
रात्रीत नऊशे आले.
पुढच्या आठवड्यात तीनशे निघून गेले.

मामाला विचारलं, असं का?
तो नवा बीम सांधत होता,
राखेच्या बोटांनी, जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवा दोरा,
पीळ, पुढचा, पीळ, चार हजार वेळा.
मान वर न करता म्हणाला,
"सांध्यानंतरचं पहिलं हातभर कापड
कुणी विकतं का? गाठी ओढून जाऊ दे पुढं."

काल कुंभारीच्या एका पोराचा मेसेज.
ताई, प्लीज सपोर्ट. चाळीस सबस्क्रायबर.
अंगठा दाबणारच होते.
मग लिहिलं, मला माहीत नाही असं
तुझ्याकडे काय आहे?

बराच वेळ टायपिंग, टायपिंग.
मग नुसता आवाज आला, सात सेकंदांचा:
त्याच्या बापाच्या भट्टीवर
तापल्या वाळूत शेंगा.

इअरफोन लावून दोनदा ऐकला.
तिसऱ्यांदा
एक बोंडूक मामाच्या कानात घातलं.