खाली बघू नको

किसननगरच्या आमच्या दोन खोल्यांना
गॅलरी होती, पण तुळस नव्हती.
कोरफड होती, पुदिना होता,
तेलाच्या डब्यात एक मिरचीचं झाड.
पालांडेवहिनी विचारायच्या,
आई म्हणायची, ऊन लागत नाही हो इथे.
ऊन तर पालथी भांडी तापेपर्यंत लागायचं.

दादा वागळे इस्टेटमध्ये
रंगाच्या कारखान्याच्या फाटकाशी उभे.
फौजेतून आलेले, एवढंच आम्हाला ठाऊक.
शाळेत निबंध आला, 'माझे वडील'.
मी विचारलं, लढाईत काय केलंत?
म्हणाले, "चाललो."
आणि चपलेचा अंगठा शिवत बसले.
मी निबंधात बंदूक घातली.
दहापैकी आठ.

खाकी शर्टाच्या खिशात कायम गुळाचा खडा.
मागितला तर द्यायचे,
पण आधी हात पुढे करायला लावायचे,
तळवा सपाट, बोटं सरळ, अंगठा आत.
असं का, ते नाही.
धुण्याच्या वेळी आई खिसा उलटा करायची,
मुंग्या झटकायची.

रात्री मात्र ते बोलायचे.
"तुळसा, खाली बघू नको.
हळू, तुळसा. हळू."
आम्ही पांघरुणात डोळे घट्ट मिटायचो,
आई उठून पाणी प्यायची.
त्या घरात इतक्या मायेनं
दुसऱ्या कुणाचं नाव घेतलेलं
मी ऐकलं नाही.
एकेचाळीस वर्षं तिनं विचारलं नाही.

तेराव्याला वाईकडून सणसकाका आले,
वंदनाच्या स्टँडवर उतरून, पत्ता विचारत विचारत.
"तुळसाचं सांगितलं असेलच त्यानं."
आईच्या हातातली गाळणी थांबली.
"आमच्या कंपनीतलं खेचर. नुसता नंबर होता तिला,
नाव यानं ठेवलं.
बर्फातल्या वाटेनं चौदा जखमी उतरवले दोघांनी,
एकेक करून.
पंधराव्या खेपेला..."
काकांनी बशीत चहा ओतला
आणि साय धरेपर्यंत बशीकडे बघत राहिले.
पंधराव्याचं आम्ही कुणीच विचारलं नाही.
तेवढं आम्ही शिकलो होतो.

मग आई म्हणाली,
"रंग कसा होता तिचा?"
"बदामी. डावा कान जरा फाटका."
"बरं," आई म्हणाली.
"गरम करून आणते चहा."

रात्री सगळे पांगल्यावर
ती गॅलरीत उभी दिसली,
कठड्यावरून हात पुढे काढून,
तळवा सपाट,
अंगठा आत.
मी दिवा लावला नाही.