सोळावा खांब

सावरतळ्याच्या देवळाचं मोजमाप
मी केलं चैत्र सरताना.
नागपूरहून मौद्यापर्यंत एस.टी., पुढे बैलबंडी,
मांडीवर नकाशाची नळी, दुसऱ्याचं मूल सांभाळावं तशी.

टेपचं दुसरं टोक धरायला
कोतवालाने बोलावून आणली सयत्राबाई बावने,
ढिवराची, बोडीत शिंगाडे लावणारी.
टेप ताणला की ती जागची हलत नसे,
गळ टाकून बसल्यासारखी.

चुना नाही कुठे. दगडात दगड,
खाच आणि कूस,
वरच्याचं ओझं हीच खालच्याची गाठ.
तांबूस वालुकाश्म, नखाने खरवडला तर कणी येते हाताला,
आणि तरी वर छत:
चौकोनावर फिरवलेला चौकोन, लहान लहान होत
मधल्या कमळापर्यंत गेलेला.
मान दुखेस्तोवर पाहिलं.
मग लिहिलं, छत सुस्थितीत.

चंद्रशिळेवरचे शंख झिजून पुसट रांगोळी झालेले.
दाराशी गंगा आहे, यमुनेचं तोंड कुणी फोडलंय.
कीर्तिमुखाच्या जबड्यात आग्या मोहोळ.
बाहेरच्या भिंतीवर एक बाई
पायातला काटा काढतेय.
"निघाला नाई अजून," सयत्राबाई म्हणाली,
"लहानपनापासून पाहून रायली मी."

खांब सोळा. चार चोक सोळा.
ती हसली.
"दिवसा सोळा. रातच्याले मोजा जी, पंधराच भरते.
थो बोडीकडचा पानी प्याले जाते."
"खांब?"
"काहून? गोट्याले तहान नाई लागत का?"

मग सांगितलं तिने, टेप न सोडता:
पंधरा खांब उभे केल्यावर पाथरवटाने घोटभर पाणी मागितलं.
मुकादम म्हणाला, आधी सोळावा उभा कर.
केला.
पाणी आलं तेव्हा प्यायला तो नव्हता.

तळखड्याला हात लावला. ओल.
वहीत लिहिलं: केशाकर्षण,
जमिनीतलं पाणी सच्छिद्र दगडातून हातभर वर चढतं.
बरोबरच लिहिलं होतं.
बाकीचे पंधरा कोरडे का,
याला त्या फॉर्मात रकाना नव्हता.
मागच्या बाजूला, बोटाएवढी,
कोरलेली एक मासळी.

"बोडी आटली होती थ्या साली
मायनं रोज सांजच्याले एक घागर वतली इथं.
घरात नव्हतं, तरी."
"मग? काही झालं त्याने?"
"काय व्हाचं होतं," ती म्हणाली,
"देऊळ उभं हाये ना."

सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत, वाळ्याच्या ताट्यांआड,
पाठराबे साहेबांनी नकाशा उलगडला,
पेन्सिलीच्या टोकाने मोजत गेले. दोनदा.
"पंधराच काढलेत?"
पाहिलं. कोपऱ्यात जागा होती, अक्षरेषा होत्या, मापंसुद्धा.
खांब तेवढा शाईने भरलेला नव्हता.
बाहेर गेला असेल, असं ओठांवर आलं होतं.
म्हणालो, "राहिला, सर."

त्याच दुपारी भरला.
मे महिन्यात निबवरच वाळते शाई नागपुरात.
ही वाळायला
दिवेलागण झाली.