नऊ रियालचं कॅबिनेट

रुवीत, शाजीच्या दुकानात, सगळ्यात खालच्या फळीवर
पडून होतं ते, एक कोपरा चेपलेलं.
शाजी म्हणाला, हे नको, यात हवा खेळत नाही,
पंधराचं घे.
म्हटलं, हवेचं मी बघतो.

अकरा वर्षं झाली मस्कतात डक्ट बसवतोय.
हॉटेलांच्या, बँकांच्या, एका इस्पितळाच्याही
छतातून पोटावर सरपटत गेलोय.
पत्रा बोटानं दाबला की गेज सांगतो.
या पत्र्याला गेज म्हणायचं
तर लग्नपत्रिकेलाही म्हणावं लागेल.
आणि काठ असे, की पाच मिनिटांत अंगठा कापला.
बोर्डावर रक्त सांडू नये म्हणून
तोंडात अंगठा धरून बसलो
त्रेचाळिसाव्या वर्षी.

वरच्या बंकवरून इद्रिस परकार बघत होता.
नारळ आणू का, म्हणाला.
म्हटलं, तू टॉर्च धर.

भाग जमले पगारापगारानं.
फेब्रुवारीत प्रोसेसर, एप्रिलात रॅम.
पॉवर सप्लाय कायमची मनिलाला निघालेल्या एका बाईकडून;
तिनं तो टॉवेलात गुंडाळून दिला
आणि टॉवेल परत नको म्हणाली.
मदरबोर्ड जुना, खोक्याशिवायचा,
तो अख्खा जून माझ्या इस्त्रीच्या शर्टांमध्ये झोपला.

कशाला, ते सांगतो.
आमच्या ऑफिसात एक पोरगा रेघ ओढतो.
ती रेघ बीममधून जाते.
मी शिडीवरून फोन करतो, साहेब, इथे बीम आहे.
साहेब म्हणतो, ड्रॉइंगमध्ये नाही.
अकरा वर्षं मी बीमला सांगतोय
की तू ड्रॉइंगमध्ये नाहीस.
रेघ मलाही ओढता येईल.

पितळी खुंट्या पुडीत नऊ, बोर्डाला भोकं आठ.
नववीही लावून टाकली,
दिलीये तर असू दे.
पेस्ट म्हणे मोहरीएवढी लावायची.
मी वाटाण्याएवढी लावली.
सीलंटला हात आखडता घेणाऱ्याची डक्ट
पहिल्याच उन्हाळ्यात गळते.

बटण दाबलं.
पंख्यानं एक गिरकी घेतली, थांबला.
पुन्हा दाबलं. एकच गिरकी.
खोलीत कुणी बोलेना.
मोतालेब रात्रपाळीला निघालेला,
एक बूट घालून तसाच उभा.
मग टॉर्च खाली आणत इद्रिस म्हणाला,
ही एक खुंटी कुणाची?
नववी. बोर्डाच्या पाठीत रुतून बसलेली, फुकटातली.

ती काढली. फिरला.

तरी समोरचं तोंड बंदच होतं,
चकचकीत काळं प्लॅस्टिक, वर लाल दिवा, दिमाख सगळा,
श्वास कुठून घ्यायचा ते कुणी ठरवलंच नव्हतं.
स्निप्स काढली. साइटवर उरलेल्या ग्रिलचा तुकडा
कापून बसवला, कडेनं ॲल्युमिनियम टेप.
मागचा पंखा उलटा होता, फिरवला.
मग टिश्यूचा कागद समोर धरला:
तो आत ओढला गेला आणि जाळीला चिकटून राहिला.
आम्ही इमारती अशाच ताब्यात देतो.

मॉनिटर अजून नाही.
मॅच संपेपर्यंत थांबलो, मग खोलीच्या टीव्हीला वायर जोडली.
निळा पडदा, पांढरे आकडे,
सहा जणं चटईवर बसून वाचू लागली
जणू अजून काही ओव्हर बाकी आहेत.
हे अडतीस कसले, मोतालेबनं विचारलं,
कामावर त्याला उशीर झाला होता.
म्हटलं, आतलं तापमान.
बाहेर तेव्हा, रात्री दहाला, एकेचाळीस.

लाल दिवा काही केल्या बंद होत नाही.
इद्रिसच्या डोळ्यांवर येतो म्हणून
त्यावर टेप लावलीये. तरी कडेनं
थोडा येतोच.