सूत

उद्यमनगरात सोमवारी वीज नसते.
शिकलगार मिस्त्रींचं लेथ गप्प,
खाली लोखंडाचा निळा कीस, वेटोळी वेटोळी.
लॅपटॉपची बॅटरी संपली की
मी वरच्या खोलीतून खाली येते.

"काय मोजालीयास सध्या?"
आकाशगंगा, चाचा. कुठली कुणीकडं कललीय.
"किती हायत?"
अडीच लाख. आत्तापर्यंत.
ते चहा बशीत ओततात. "आनि आऊट किती?"

एकेकटीला विचारलं तर पत्ता लागत नाही,
वाट्टेल तशी पडलेली असते.
लाखभर मिळवल्या की मग
एक बारीक कल दिसतो, सुताएवढा.

"सूत म्हंजे इंचाचा आठवा भाग. लई झालं."

ते सूत नाही हो. धाग्याचं.
एवढ्या पोकळीत दोरे ताणलेत,
अंधाराचेच, म्हणून दिसत नाहीत,
आणि हुपरीत घुंगरं ओवतात
तशा आकाशगंगा त्यांच्यावर.
बारक्यांचा आस दोऱ्याच्या अंगानं,
एकमेकींना गिळून जाडजूड झालेल्यांचा
आडवा.

"मोठी झाली की आडवी जात्यात,"
मिस्त्री हसतात, "त्यात काय मोजायचं?"

पण खरी भानगड वाटेत आहे.
काल देवळात किरणं गुडघ्यापर्यंतच पोचली,
मधे कुणाची तरी पाण्याची टाकी.
तिकडं टाकी उजेड अडवत नाही, वाकवते.
जे जे जड बसलंय वाटेत, ते ते ओढतं,
आणि माझ्यापर्यंत येतो तो आकार
आधीच तिरका.
त्यातलं वाटेनं लावलेलं किती,
तिचं जन्मापासूनचं किती—
चार वर्षं झाली, चाचा.

ते उठतात. एक रॉड चकमधे धरतात,
डायल लावतात, हातानंच गिरकी देतात.
काटा थरथरतो.
"रॉड वाकडा का चक वाकडा, कसं कळतं?
सोडायचा. अर्धा फिरवून परत धरायचा.
वाक रॉडसंगं फिरला तर रॉडचा.
हितंच ऱ्हायला तर आपला."

मला आकाशगंगा सोडून परत धरता येत नाही.

"मग?"
मग अजून मोजायच्या.
"मोज की."

पलीकडच्या लेथवर पोतं टाकलंय,
अल्ताफ चाकणला गेला तेव्हापासून.
तिकडं आम्ही दोघंही बघत नाही.
चक अजून फिरतोय, हळू होत होत.
मिस्त्री काट्याकडं बघत राहतात,
रॉड सोडत नाहीत.